गेटचा टाइम

शिरोळकर साहेब कोणावर रागावत नसत. ते नोंद करत. कासार आंबोलीजवळच्या बंगल्यांच्या कॉलनीत ते सात-आठ वर्षं व्यवस्थापक होते आणि त्या काळात त्यांचा आवाज चढलेला मी एकदाही ऐकला नाही. एखादी कामवाली उशिरा आली की ते निळं पेन खिशाला लावत, लाल पेन काढत, रजिस्टरमध्ये मिनिटं लिहीत आणि विचारत, “बरोबर?” ती काही सांगू लागली की म्हणत, “वेळ सांगा. कारण सांगू नका.”

मी तेव्हा एका वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या देत असे आणि कॉलनीच्या कुंपणाला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहत असे. गेटवर बसणारा माणूस बातमीदाराच्या ओळखीचा असावा लागतो. आमची ओळख एवढ्याच कारणाने झाली आणि त्यापुढे फारशी गेली नाही.

त्यांची कचेरी गेटला लागून होती. दहा बाय दहाची खोली, एक टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, पण ती घडी करून कपाटामागे ठेवलेली असे. आलेल्या माणसाने उभं राहूनच बोलावं आणि त्यामुळे थोडक्यात बोलावं, असा त्यामागे विचार होता. समोरच्या भिंतीवर मॉनिटर, त्यावर सोळा चौकटी, सोळा कॅमेरे. मॉनिटरखाली फळीवर डीव्हीआरचा काळा डबा. त्यावर त्यांच्या बायकोने क्रोशाने विणलेलं पांढरं आवरण. रोज सकाळी ते आवरण उचलून डब्यावर तळहात ठेवत, ताप बघावा तसा. मग पिवळ्या फडक्याने मॉनिटर पुसत. त्यानंतर गेट उघडे.

त्या डब्यात पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग मावत असे. सोळाव्या दिवशी नवं चित्र सगळ्यात जुन्या चित्रावर चढे आणि जुनं कायमचं जाई. कॉलनीत हे फक्त शिरोळकरांना नीट माहीत होतं. बंगल्यांचे मालक शनिवार-रविवारी पुण्याहून येत. त्यांना कॅमेरे आहेत एवढं पुरेसं होतं.

एका हिवाळ्यात पहाटे कॉलनीत बिबट्या शिरला. तीन नंबरच्या कॅमेऱ्यात तो स्पष्ट दिसतो. भिंतीवरून उतरला, खुर्चीतल्या रखवालदाराच्या पायांपासून दोन हातांवरून चालत गेला आणि सात नंबरच्या बंगल्याच्या हौदाकडे वळला. रखवालदार डोक्यावरून घोंगडी घेऊन झोपला होता. सकाळी चित्र बघायला गर्दी झाली. बातमी म्हणून मीही गेलो. सगळे बिबट्याकडे बघत होते. बिबट्या चौकटीबाहेर गेल्यावर शिरोळकरांनी चित्र थांबवलं आणि पेनाचं टोक घोंगडीवर टेकवलं.

“बिबट्या रानातला आहे, त्याला नियम नाहीत. हा कोण?”

रखवालदार गर्दीत मागे उभा होता. जीव वाचला म्हणून त्याच्या बायकोने देवाला फोडायला नारळ दिला होता, तो त्याच्या हातात होता. नारळासकट त्याला गेटबाहेर काढण्यात आलं. पुढे वनखात्याने चित्रफीत मागवली तेव्हा शिरोळकरांनी बिबट्या येण्याआधीची चाळीस मिनिटंही जोडून पाठवली. त्या चाळीस मिनिटांत झोपलेल्या रखवालदाराशिवाय काही नाही.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते सगळ्या कामगारांना कचेरीत बोलावत आणि महिन्याभरात टिपून ठेवलेले तुकडे दाखवत. कामगार याला ‘पिच्चर’ म्हणत. कोण झाडूला टेकून उभं राहिलं, कोणी मालकांच्या झोपाळ्यावर दोन झोके घेतले, कोण तोंडात मिश्री धरून बसलं. एका शनिवारी पांडुरंग माळ्याचा तुकडा निघाला. पन्नाशीचा माणूस, बोगनवेलीमागे लघवीला बसला होता. खोलीत आठ-नऊ बायका होत्या. शिरोळकरांनी तो तुकडा दोनदा दाखवला.

“पांडुरंग, या वेलीला पाणी घालण्याची वेळ कोणती ठरली आहे?”

सगळे हसले. हसावंच लागे. न हसणाऱ्याकडे साहेब बघत बसत. त्या दिवशी हिराबाई कोकरे हसली नाही. गावाबाहेर मेंढरं राखणाऱ्या घरातली ही बाई, चाळिशीची, कॉलनीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचं काम करी.

“बापय माणूस हाय सायेब, जाईल कुटं?” ती म्हणाली. “सोळा क्यामेरे लावलं, आमाला यक मोरी बांधून दिली न्हाई.”

“सूचना लेखी द्या,” शिरोळकर म्हणाले आणि पुढचा तुकडा लावला.

पांडुरंग दुसऱ्या दिवसापासून आला नाही. त्याचं खुरपं आठवडाभर भिंतीला टेकलेलं होतं. रजिस्टरमध्ये नोंद झाली: गैरहजर, कारण कळवलेलं नाही.

त्यांना स्वतःसाठी वेगळा नियम नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. बायको पुण्याच्या इस्पितळात शेवटच्या दिवसांत असताना ते रोज संध्याकाळी तिकडे जात आणि सकाळी परत येत. एका सकाळी गेटातून आत येऊन त्यांनी मॉनिटरकडे पाहिलं, लाल पेन काढलं आणि स्वतःच्या नावापुढे नऊ मिनिटं उशीर लिहिला. बायको गेल्यावर तीन दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांनी लिहिला, अर्जदार म्हणून सही केली, मग खाली व्यवस्थापक म्हणून सही करून मंजूर केला. चौथ्या दिवशी आवरण उचलून डब्यावर हात ठेवला.

आता घड्याळाबद्दल. मला हे पुढे कळलं, पण त्याची जागा इथे आहे.

शिरोळकरांनी आधी बरीच वर्षं पिरंगुटकडच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी केली होती. कामगाराने कार्ड कधी टाकलं, कधी काढलं, हे बघण्याचं काम. तिथलं गेटवरचं घड्याळ ते मुद्दाम पुढे ठेवत. कॉलनीत आल्यावर त्यांनी डीव्हीआरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे केलं. दुरुस्तीला येणारा तंत्रज्ञ ते बरोबर करून जाई आणि तो रस्त्याला लागण्याआधी शिरोळकर ते पुन्हा पुढे करत. त्यामुळे वेळेवर येणारा उशिरा ठरे, आणि वेळेवर ठरायचं तर बारा मिनिटं लवकर यावं लागे. कामगारांनी ते केव्हाच अंगवळणी पाडून घेतलं होतं. त्यांच्या बोलण्यात दोन वेळा असत. एक खरा टाइम आणि एक गेटचा टाइम. कॉलनीच्या आत कोणी वेळ विचारली तर ते गेटचाच सांगत. मालकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची नावं रजिस्टरमध्ये लिहिली जात नसत आणि वेळ ते आपल्या फोनवर बघत.

नऊ नंबरच्या बंगल्याचे मालक अभिजित आणि त्यांची बायको, दोघंही आयटीत, मूळचे नांदेडकडचे. अभिजितच्या आई त्यांच्यासोबत येत. हिराबाई त्यांना आजी म्हणे. एका रविवारी नवरा-बायको लवळ्याला एका मित्राकडे जेवायला गेले आणि आपण येईपर्यंत आजींजवळ बसायला हिराबाईला सांगून गेले.

दुपारी आजींनी शेळीचं दूध मागितलं. त्यांच्या तोंडात फोड आले होते आणि हिराबाईच्या दारात शेळ्या होत्या. हिराबाई किटली घेऊन गेली आणि खऱ्या वेळेने बारा पन्नासला गेटातून परत आली. कामवाल्यांनी मागच्या दाराने यावं असा कॉलनीचा नियम होता, म्हणून ती मागून स्वयंपाकघरात गेली आणि दूध तापत ठेवलं. बारा छप्पन्नला आजी न्हाणीघरात पडल्या. हिराबाईने धावत जाऊन त्यांना उचललं, पुसलं, पाणी पाजलं, आणि एक वाजून दहा मिनिटांनी वहिनींना, म्हणजे अभिजितच्या बायकोला, फोन केला.

बारा छप्पन्न ही वेळ पक्की होती. अभिजितने दिवाणखान्यात आपला वेगळा छोटा कॅमेरा लावला होता. मोठा आवाज झाला की तो वीस सेकंदांचा तुकडा मालकाच्या फोनवर पाठवी. तुकड्यात रिकामा सोफा दिसतो, पडल्याचा आवाज येतो, मग आजींची हाक येते. न्हाणीघराचा रस्ता त्या कॅमेऱ्यात येत नव्हता.

आजींच्या डोक्याला मार लागला होता. त्या चौथ्या दिवशी इस्पितळातच वारल्या.

पुढच्या रविवारी कचेरीत चौकशी झाली. गावातल्या पाण्याच्या टँकरबद्दल विचारायला मी गेलो होतो, तो तिथेच थांबलो. अभिजित, त्यांची बायको, टेबलामागे शिरोळकर, समोर हिराबाई, आणि दारात तिचा नवरा बिरू. बिरूने चपला बाहेर काढल्या होत्या.

“मला एकच सांग,” अभिजित म्हणाले. “आई पडली तेव्हा तू घरात होतीस?”

“व्हते की दादा. दूध ठिवलं व्हतं. आवाज आला तशी पळाले.”

“मावशी, प्लीज, खोटं नको,” त्यांची बायको म्हणाली. “तुम्ही बाहेर गेला होतात.”

“आजींनीच धाडलं व्हतं वयनी. पर मी लगी आले. क्यामेऱ्यात बघा की! क्यामेरा का खोटं बोलतुया?”

कॅमेरा बघण्याची मागणी तिची होती. मी तेव्हाच टिपून घेतलं आहे.

शिरोळकरांनी तारीख टाकली आणि तुकडा लावला. गेटातून हिराबाई येताना दिसली. पदर खोचलेला, हातात किटली, चाल भरभर.

“ही तूच?” शिरोळकरांनी विचारलं.

“मीच. किटली बघा हातात.” ती नवऱ्याकडे वळली. “दिसलं का? मी म्हनलं न्हवतं?”

“वेळ वाचतो. एक वाजून दोन मिनिटं. मान्य?”

“व्हय. गेटवर तेवढंच झालं आसंल.”

अभिजितनी आपला फोन टेबलावर ठेवला. त्यावर बारा छप्पन्न होते. “आई बारा छप्पन्नला पडली. तू एक वाजून दोनला आलीस. सहा मिनिटं ती एकटी पडून होती. तू घरात नव्हतीस.”

हिराबाईने फोनकडे पाहिलं, मग मॉनिटरकडे. तिला हिशेब लागला नाही. एक गेटचा टाइम आणि एक खरा, हे तिला जन्मभराच्या सवयीसारखं ठाऊक होतं. समोरच्या शिकलेल्या माणसाला ते ठाऊक नसेल, हे तिच्या मनातही आलं नाही. ती तेच तेच बोलत राहिली. “न्हाई दादा, मी आत व्हते. आजींनी हाक मारली ती मला मारली. मीच उचललं त्यास्नी.”

बारा मिनिटं त्या खोलीत एकाच माणसाला दिसत होती. तो जबाब लिहीत होता. त्याचं पेन थांबलं नाही.

शिरोळकरांचं अक्षर उत्तम होतं. त्यांनी जबाब मोठ्याने वाचला. मी रविवारी दुपारी एक वाजून दोन मिनिटांनी परत आले, कॅमेऱ्यात दिसणारी बाई मीच आहे, हे मी राजीखुशीने सांगते. “यात खोटं काही आहे?”

“खोटं न्हाई,” हिराबाई म्हणाली. “पर...”

“सही.”

तिचं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं. तिने टेबलावर वाकून एकेक अक्षर काढलं.

जबाबाचा फोटो संध्याकाळपर्यंत मालकांच्या ग्रुपवर गेला. तिथून तो वाहनचालकांच्या फोनवर आला आणि तिथून गावात. पोलिसांत कोणी गेलं नाही, गरज पडली नाही. सोमवारपासून हिराबाईला एकाही बंगल्यात घेतलं नाही. गावातल्या नळावर ती आली की बायका बोलायच्या थांबत. तिच्या जावेचं तान्हं मूल एरवी तिच्याच मांडीवर वाढत होतं. जावेने ते एक दिवस तिच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि म्हणाली, “तुमच्यापाशी नगं आता.” हे मला बिरूने सांगितलं.

बिरू मला गुरुवारी भेटला. मेंढरं रस्त्याच्या कडेला घेऊन तो उभा होता.

“तुमी पेपरवालं. तुमीच सांगा,” तो म्हणाला. “गेटवर येक वाजून दोन म्हंजी खरं किती?”

मला प्रश्न कळला नाही.

“गेट बारा मिनटं पुढं असतंया. तुमाला ठावं न्हाई? आवो, साऱ्या कामगारांस्नी ठावं हाय.”

“मग तुम्ही रविवारी बोलला का नाहीत?”

“सायेब हुते की तितं बसल्यालं. त्येंचंच घड्याळ. त्ये सांगत्याल, म्हनलं.”

त्याच दुपारी मी कचेरीत गेलो. मॉनिटरवरची वेळ आणि माझ्या फोनवरची वेळ जुळत होती. शिरोळकरांनी माझी नजर पाहिली.

“बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं. “रविवारी संध्याकाळी दुरुस्त केलं.”

“म्हणजे त्याआधी चुकीचं होतं.”

“पुढे होतं. चुकीचं नव्हतं. त्या घड्याळाने मी सगळ्यांना एकच माप लावलं. स्वतःलाही.”

“हिराबाई आजींच्या जवळ होती, हे तुम्हाला रविवारी माहीत होतं.”

“मला कोणी विचारलं नाही.” त्यांनी शेंगदाण्यांची बशी माझ्याकडे सरकवली. “समजा, मी म्हणालो असतो की घड्याळ पुढे आहे. मग या आठ वर्षांतली प्रत्येक लाल नोंद खोटी झाली असती. शंभर माणसांचा निवाडा उलटा झाला असता. एका बाईसाठी?”

मी म्हटलं, त्या रविवारचं रेकॉर्डिंग मला बघायचं आहे. मालकांची गाडी घरी आल्याबरोबर वहिनींनी अँब्युलन्सला फोन लावला होता आणि त्या फोनची वेळ त्यांच्याकडे आहे. गाडी गेटात शिरताना दिसते ती वेळ तिच्याशी ताडून पाहिली की घड्याळ किती पुढे होतं ते कोणालाही दिसेल. त्या रविवारचा दुसरा पुरावा नव्हता, आणि हा आणखी चार दिवसच टिकणार होता.

“जरूर,” शिरोळकर म्हणाले. “लेखी अर्ज द्या. मालकांच्या समितीपुढे ठेवतो. समिती रविवारी बसते.”

मी अर्ज दिला. अभिजितना फोन केला आणि बारा मिनिटांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सर, तिनं स्वतः साइन केलंय ना? आई गेली. आम्हाला आता हे परत उकरायचं नाहीये. प्लीज.” आई पडली तेव्हा घरात कोण नव्हतं, हा प्रश्न मग त्यांच्यापर्यंत येऊन थांबला असता. बातमी मी दिली नाही. हातात कागद नव्हता.

समिती रविवारी बसली. शिरोळकरांनी माझा अर्ज विषयपत्रिकेवर शेवटी ठेवला, पण ठेवला. परवानगी मंजूर झाली. तसं पत्र सोमवारी सकाळी माझ्या दारात आलं, सुंदर अक्षरात. रेकॉर्डिंग पाहण्याची वेळ: मंगळवार, सकाळी अकरा. मी सोमवारीच गेलो. त्यांनी आपलंच पत्र मला वाचून दाखवलं आणि मंगळवार या शब्दाखाली पेनाने रेघ ओढली.

मंगळवारी, सोळाव्या दिवशी, मी पोहोचलो तेव्हा हिराबाई तिथे आधीच होती. अर्जात तिचं नाव होतं म्हणून शिरोळकरांनी तिला निरोप धाडला होता. तिने केस नीट चोपून बांधले होते, धुवट हिरवं लुगडं नेसलं होतं. बिरू मेंढरांमागे होता, ती एकटीच आली होती. मला बघून म्हणाली, “सायबांनी बोलावलं. दाखिवत्यात म्हनं.”

कपाटामागची खुर्ची त्या दिवशी बाहेर आली होती. शिरोळकरांनी मला तिच्यावर बसवलं, चहा मागवला आणि माऊस माझ्या हातात दिला. “सावकाश शोधा.”

मी तारीख टाकली. पडदा काळाच राहिला. उपलब्ध असलेलं सगळ्यात जुनं चित्र सोमवारचं होतं. आजी पडल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. त्यात एक कुत्रं गेटासमोर बसलं होतं.

“मागं घ्या की,” हिराबाई माझ्या खांद्यामागून म्हणाली. “आनी थोडं मागं.”

“याच्या मागे काही नाही,” मी सांगितलं.

“न्हाई म्हंजी? मी बगितलंय माझ्या डोळ्यांनी. किटली व्हती हातात. मग मी गेले कुटं?”

शिरोळकर उठले. त्यांनी माझ्या हातून माऊस घेतला, सोळा चौकटी परत आणल्या आणि त्यांतली एक मोठी केली. कचेरीच्या दारावरचा कॅमेरा. चालू चित्र. त्यात मी खुर्चीत होतो आणि माझ्यामागे हिरव्या लुगड्यातली बाई उभी होती.

“ही बघ,” ते म्हणाले. “कुठे गेली नाहीस. इथेच आहेस.”

चहा आणणारा वाहनचालक हसला. हिराबाई पडद्याकडे बघत राहिली. तिचा हात पदराकडे गेला. पडद्यावरच्या बाईचा हात क्षणभर उशिरा वर आला.

तिने पदर डोक्यावरून घेतला आणि दाराकडे वळली. शिरोळकरांनी रजिस्टर उघडून पुढे केलं. बाहेरच्या माणसाने जाताना सही करायची असा नियम होता आणि ती आता बाहेरची होती. त्यांनी पेन तिच्या दिशेने धरलं.

“इथे. नावापुढे.”

तिने पेन पाहिलं, रजिस्टर पाहिलं.

“आता न्हाई,” ती म्हणाली. “यकदा दिली.”

ती पायऱ्या उतरली आणि गेटातून रस्त्याला लागली. शिरोळकर पेन तसंच धरून होते. मग त्यांनी रजिस्टर आपल्याकडे फिरवलं, शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सही देण्यास नकार’, आणि लाल पेन काढून त्याखाली रेघ ओढली. माझा चहा तसाच होता. त्यांनी विचारलं, “गरम करून आणायला सांगू?”